नाव जुळल्याशिवाय डिस्कला हात लावू नकोस

चि. चिऊस,



नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये स्टोरेजच्या टीममध्ये तुला घेतलं, याचा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्याच कामाला आपल्या घरातली मुलगी लागली, याहून मोठं समाधान कोणतं? पण परवा फोनवर तू जे म्हणालीस ते मनात राहिलं. "मावशी, तिकिटातून सोळा आकडी नंबर उचलायचे आणि झोनिंगच्या खिडकीत चिकटवायचे, दिवसभर हेच. यात शिकण्यासारखं काय आहे?" उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. निवांत वाच.

तू ज्याला सोळा आकडी नंबर म्हणतेस, त्या डब्ल्यूडब्ल्यूएनच्या भरवशावर कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसणार हे ठरतं. त्यात एक आकडा चुकला तर सर्व्हरला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी होते. याहून वाईट म्हणजे दुसऱ्याची डिस्क त्याला आपली म्हणून दिसते, आणि तो तिच्यावर बिनदिक्कत लिहायला लागतो. नेटवर्कमध्ये एखादं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा पाठवता येतं. चुकीच्या डिस्कवर लिहिलेलं मात्र पुसून परत आणता येत नाही, तिथे बॅकअपच शोधावा लागतो. म्हणून हा नंबर मुळापासून समजून घे.

पुढच्या वेळी खराब झालेली हार्ड डिस्क रॅकमधून काढशील, तेव्हा ती बाजूला ठेवण्याआधी तिचं लेबल वाच. मॉडेल आणि सिरियल नंबरच्या जवळपास बारीक अक्षरांत डब्ल्यूडब्ल्यूएन छापलेला असतो. डिस्क सीगेटची असेल तर त्याची सुरुवात ५०००सी५० अशी सापडेल. एकूण सोळा हेक्साडेसिमल आकडे, म्हणजे ६४ बिट. त्यातला पहिला ५ हे नाव कोणत्या पद्धतीने रचलं आहे ते सांगतो. पुढचे सहा आकडे, ०००सी५०, हा आयईईई या संस्थेने सीगेटला दिलेला २४ बिटांचा क्रमांक. त्याला ओयूआय म्हणतात. उरलेले नऊ आकडे, म्हणजे ३६ बिट, कंपनीने स्वतः भरायचे. एवढ्या जागेत सुमारे ६,८७२ कोटी वेगवेगळी नावं बसतात.

हीच फोड बाकीच्या नावांवर करून बघ. अनेक डिस्क एकत्र ठेवून त्या सर्व्हरना वाटणारं यंत्र म्हणजे अ‍ॅरे. अ‍ॅरेच्या पोर्टचं नाव ५०:०६:०१:६ असं सुरू झालं तर पहिल्या ५ नंतर ००६०१६ दिसतो. तो ईएमसीच्या क्लॅरिऑन घराण्याचा क्रमांक. २०१६ मध्ये ईएमसी डेलच्या छत्राखाली गेली, पण नावातला क्रमांक काही बदलला नाही. सर्व्हरमध्ये बसणाऱ्या एमुलेक्सच्या एचबीए कार्डाचं नाव १०:००:००:००:सी९ असं सुरू होतं. इथे पहिला १ वेगळी पद्धत सांगतो: आधी ठरावीक १०:००, आणि मागे इथरनेटच्या मॅक अ‍ॅड्रेससारखा ४८ बिटांचा क्रमांक. आठवडाभर ही सवय ठेवलीस तर नाव वाचताच कार्ड कोणाचं, अ‍ॅरे कोणाचा हे ओळखू यायला लागेल. सर्व्हरच्या रकान्यात अ‍ॅरेचं नाव पडलं असेल तर ते तिकीट वाचतानाच डोळ्यांना खटकेल.

ही पद्धत आली कुठून? तिची मुळं स्टोरेजच्या आधीची आहेत, आणि त्यात पवईच्या आयआयटीत शिकलेल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात पहिलंवहिलं इथरनेट चालू झालं, तेव्हा यंत्राचा पत्ता आठ बिटांचा होता. म्हणजे एका जाळ्यात जास्तीत जास्त २५६ पत्ते. प्रयोगशाळेपुरतं ते पुरेसं होतं. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून इथरनेटचा तपशील प्रसिद्ध केला, त्यात पत्ता एकदम ४८ बिटांवर गेला. इतका मोठा आकडा कशासाठी, हे १९८१ मध्ये योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी एका निबंधात मांडलं. हे दलाल म्हणजे आयआयटी मुंबईतून स्टॅनफर्डला गेलेले, आणि १९७४ मध्ये व्हिंट सर्फ व कार्ल सनशाइन यांच्याबरोबर टीसीपीचा पहिला तपशील लिहिणारे. निबंधाचा गाभा असा, की यंत्राला जगात एकमेव असा क्रमांक एकदाच द्यावा आणि ते यंत्र कोणत्या जाळ्यात, कोणत्या तारेला जोडलेलं आहे याच्याशी त्या क्रमांकाचा काही संबंध ठेवू नये. यंत्र हललं तरी क्रमांक तोच राहावा.

४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक होतात. पण नुसता मोठा आकडा असून भागत नाही. दोन कारखान्यांनी एकच क्रमांक दोन यंत्रांना देऊ नये, यासाठी कोणीतरी वाटप करायला हवं. सुरुवातीला ते झेरॉक्सने केलं, पुढे आयईईईने हाती घेतलं. संस्थेने कंपनीला पुढचा भाग द्यायचा, कंपनीने मागचा भाग मोजत राहायचं. सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या फायबर चॅनलचं मूळ प्रमाण १९९४ मध्ये मान्य झालं. त्यानेही नवा कारभार उभा न करता याच वाटपावर आपली ६४ बिटांची नावं रचली.

इथे एक गोष्ट मनात पक्की कर, कारण या पत्रातलं बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. जगात एकमेव असणं हा त्या लोखंडाचा किंवा सिलिकॉनचा गुण नाही. नाव देणाऱ्याकडून चुकून एकच नाव दोनदा दिलं जाऊ शकतं, कोणतंही यंत्र त्याला आतून अडवत नाही. नाव एकमेव राहतं कारण संस्था, कारखाना आणि तुझ्यासारखी माणसं, सगळे आपापल्या टप्प्यावर हिशेब ठेवतात. एकाने हिशेब सोडला की तिथून पुढे नावाला अर्थ राहत नाही.

आता नाव आणि पत्ता यांतला फरक. फायबर चॅनलमध्ये हे दोन्ही वेगळे ठेवलेले आहेत, आणि मला त्या रचनेतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. सर्व्हरचं कार्ड स्विचला जोडलं की त्याच्याकडे नाव असतं, पण पत्ता नसतो. म्हणून ते स्वतःचा पत्ता शून्य धरून, एफएफएफएफएफई या राखीव पत्त्यावर एक फ्रेम पाठवतं. त्याला फ्लोगी म्हणतात, म्हणजे फॅब्रिकमध्ये, स्विचांच्या जाळ्यात, लॉगिन. त्या फ्रेमच्या पोटात कार्ड आपली दोन नावं सांगतं: एक त्या पोर्टचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूपीएन, दुसरं पोर्ट ज्यावर आहे त्या नोडचं. स्विच उत्तरादाखल त्याला २४ बिटांचा पत्ता देतो. मग कार्ड एफएफएफएफएफसी या पत्त्यावरच्या नेम सर्व्हरकडे जाऊन आपली नोंद करतं आणि विचारतं, "मला इथे कोणकोण दिसू शकतं?"

तो २४ बिटांचा पत्ता, म्हणजे एफसीआयडी, बघायला गेलीस तर सरळ आहे. ०१०४०० असा पत्ता ब्रोकेडच्या साध्या स्विचवर दिसला तर पहिले दोन आकडे स्विचचा डोमेन, पुढचे दोन बहुतेक वेळा पोर्ट. डोमेन १ ते २३९ एवढेच देता येतात. पुढे जी फ्रेम जाते तिच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हा छोटा पत्ताच असतो. ६४ बिटांचं नाव प्रत्येक फ्रेमवर येत नाही. पत्त्यातच स्विचचा क्रमांक असल्याने फ्रेम कुठल्या दिशेला ढकलायची हे स्विचला झटकन कळतं. नाव लांब आणि कायमचं. पत्ता छोटा, वेगासाठी घडवलेला आणि जागेला बांधलेला.

इस्पितळात रुग्णाच्या मनगटाला नावाची पट्टी असते आणि खाटेला नंबर असतो. नर्स खाटेच्या नंबरावरून वॉर्डात पोचते, पण रक्ताची पिशवी लावण्याआधी मनगटावरची पट्टी वाचते, कारण रुग्ण रात्रीतून दुसऱ्या खाटेवर गेलेला असू शकतो. एफसीआयडी ही खाट, डब्ल्यूडब्ल्यूपीएन ही पट्टी. केबल दुसऱ्या पोर्टला लावलीस, स्विचचा डोमेन बदललास, की खाट बदलली. पट्टी तीच राहिली.

ज्या व्यवस्थांनी खाटेवर भरवसा ठेवला, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. जुन्या एचपी-यूएक्समध्ये डिस्कच्या हार्डवेअर पाथमध्येच डोमेन, एरिया आणि पोर्ट यांचे आकडे गुंफलेले असायचे. अ‍ॅरेची केबल एका पोर्टवरून शेजारच्या पोर्टवर हलवली, की सर्व्हरच्या लेखी ती नवीच डिस्क व्हायची. डिव्हाइस फाइल बदलायची, आणि व्हॉल्यूम ग्रुप पुन्हा जुळवून घ्यावे लागायचे. २००७ मध्ये आलेल्या ११आय व्ही३ या आवृत्तीने हे बदललं: डिस्कच्या स्वतःच्या ओळखीला बांधलेल्या कायमच्या फाइली आल्या. लिनक्समध्ये हाच धोका वेगळ्या रूपात आजही तुझ्यासमोर आहे. एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने पडतात. सर्व्हर रीबूट झाला, मध्ये एखादी लन, म्हणजे अ‍ॅरेने दिलेली डिस्क, वाढली, की कालची एसडीसी आज एसडीडी होऊ शकते. डिस्कवर पार्टिशन करायचं असो की ती पुसायची असो, बाय-आयडी या फोल्डरमध्ये जाऊन तिचा डब्ल्यूडब्ल्यूएन वाच. एसडीसी या तीन अक्षरांवर विसंबून कधीही काही पुसू नकोस.

इथे लनच्या ओळखीचंही सांगून टाकते. अ‍ॅरे जी लन देतो तिला १६ आकडी नाही, तर ३२ आकडी ओळख असते, आणि ती बहुधा ६ ने सुरू होते. सर्व्हर स्कझीच्या इन्क्वायरी कमांडने पान ८३ मागतो, तेव्हा ती मिळते. सर्व्हरची दोन कार्डं, आणि प्रत्येकाला अ‍ॅरेचे दोन पोर्ट दिसत असतील, तर एकच लन चार वाटांनी येते आणि चार डिस्क म्हणून उभी राहते. मल्टिपाथचं सॉफ्टवेअर चौघींचं पान ८३ वाचतं, ओळख एकच आहे हे पाहतं आणि चार वाटांची एक डिस्क करतं. लनची हुबेहूब प्रत काढली तर प्रतीला अ‍ॅरे नवी ओळख देतो, पण आतल्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी मात्र जसाच्या तसा येतो. व्हीएमवेअर नेमकी ही विसंगती पकडतं: आतली सही एक सांगते आणि बाहेरची ओळख दुसरी, म्हणजे ही प्रत असली पाहिजे, असं ठरवून तो डेटास्टोअर आपणहून जोडत नाही. नावं दोन पातळ्यांवर असली की ती एकमेकांना तपासतात. या विचारपूर्वक घडवलेल्या गोष्टी आहेत. त्या वापरताना त्यामागचा विचारही आपल्या अंगात मुरायला हवा.

आता तुझं रोजचं काम, झोनिंग. एका झोनमध्ये एकाच सर्व्हरचा एकच पोर्ट आणि त्याला लागणारे अ‍ॅरेचे पोर्ट, हा नियम तुला पहिल्याच दिवशी सांगितला असेल. तो पाळ. एका झोनमध्ये चार सर्व्हर कोंबले तर एकाच्या कार्डाने गोंधळ घातला की बाकीच्यांना त्याची झळ बसते. झोन दोन तऱ्हांनी बांधता येतो: पोर्टच्या जागेने किंवा डब्ल्यूडब्ल्यूपीएनने. जागेने बांधलास तर जळालेलं कार्ड बदलल्यावर झोनमध्ये काही करावं लागत नाही, पण कोणी केबल चुकीच्या पोर्टला लावली तर त्या पोर्टचे सगळे हक्क त्या केबलवरच्या सर्व्हरला आयते मिळतात. नावाने बांधलास तर केबल कुठेही लावली तरी हक्क बरोबर सर्व्हरकडे राहतात, पण कार्ड बदललं की झोनमध्येही आणि अ‍ॅरेवरच्या मास्किंगमध्येही, म्हणजे कोणत्या नावाला कोणती लन द्यायची त्या यादीतही, नवं नाव घालावं लागतं. बहुतेक ठिकाणी नावाने बांधतात, आणि ते योग्यच आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. झोन पोर्टच्या नावाने बांध, नोडच्या नावाने नको. नोडच्या नावाने त्या कार्डाचे सगळेच पोर्ट आत येतात. आणि बदललेल्या कार्डाचं जुनं नाव त्याच दिवशी काढून टाक. ते काढलेलं कार्ड कधी दुरुस्त होऊन, कधी सुटे भाग म्हणून दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसतं. जुनं नाव यादीत राहिलं असेल, तर त्या दुसऱ्या सर्व्हरला पहिल्याच्या डिस्क दिसायला लागतात.

नाव तपासताना शेवटचे चार आकडे जुळले की पुढे जायचं, ही सवय तुला आजूबाजूला दिसेल. ती उचलू नकोस. क्यूलॉजिकच्या जुन्या दोन पोर्टच्या कार्डावर एका पोर्टचं नाव २१:०० ने सुरू होतं आणि दुसऱ्याचं २१:०१ ने. मध्ये आणखी एका ठिकाणी फरक असतो, आणि शेवटचे चार आकडे दोघांचे अगदी सारखे. उलट एकाच खोक्यातून आलेल्या कार्डांची नावं पुष्कळदा ओळीने असतात. तिथे सगळा फरक शेवटच्या एखाद्या आकड्यात असतो. म्हणजे फरक कुठे असेल ते कार्ड ठरवतं, आपला डोळा नाही. सोळाच्या सोळा आकडे जुळव. लेबलावरून वाचून टाइप करत असशील तर ८ आणि बी, ० आणि डी यांच्यात फसगत होते. तिकिटातलं नाव हे कोणीतरी लिहिलेलं असतं. स्विचच्या लॉगिन तक्त्यातलं नाव कार्डाने स्वतः सांगितलेलं असतं. शक्य तेव्हा दुसऱ्यावरून घे आणि पहिल्याशी ताडून पाहा.

इथवर मी कारखान्यात कोरलेल्या नावांबद्दल बोलले. पण तुझ्या पिढीच्या कामातली बरीचशी नावं कारखान्यात पडतच नाहीत. ब्लेड सर्व्हर बिघडला की त्याची ओळख उचलून दुसऱ्या ब्लेडवर ठेवता यावी, म्हणून सिस्कोच्या यूसीएससारख्या व्यवस्थेत नाव हार्डवेअरला न चिकटता प्रोफाइलला चिकटतं. सोय मोठी आहे: रात्री ब्लेड बदलला, झोनिंगला हात न लावता सर्व्हर वर आला. मात्र हे नाव आयईईईच्या वाटपातून एकेक मोजून आलेलं नसतं. आपल्यापैकीच कोणीतरी एक पूल बनवलेला असतो. यूसीएसमध्ये तो २०:००:००:२५:बी५ असा सुरू होतो आणि पुढचे सहा आकडे आपल्या हातात असतात. दोन ठिकाणच्या यंत्रणा उभारताना दोघांनी तो पूल ००:००:०० पासूनच सुरू केला, आणि पुढे ती दोन फॅब्रिक जोडली गेली, तर एकाच नावाचे दोन सर्व्हर समोरासमोर येतात. स्विच आपल्या सेटिंगप्रमाणे एकाला ठेवतो आणि दुसऱ्याला बाहेर काढतो. म्हणून त्या सहा आकड्यांतले पहिले दोन-तीन साइटसाठी, यंत्रणेसाठी आणि फॅब्रिक ए की बी यासाठी बांधून ठेवायचे असतात. असं रचलेलं नाव दिसलं की सर्व्हर कुठला आणि कोणत्या बाजूचा हे तिथेच कळतं.

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर आणखी एक बारकावा भेटेल. एनपीआयव्हीमुळे एकाच खऱ्या पोर्टवर अनेक आभासी पोर्ट आपापली नावं घेऊन लॉगिन करतात. तिथे प्रत्येक आभासी अ‍ॅडॉप्टरला नावांची जोडी मिळते. नेहमीच्या कामात एकच नाव वापरात असतं. चालू पार्टिशन एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर सरकवताना दुसरं नाव नव्या जागी आधी लॉगिन करतं, आणि मग काम तिकडे जातं. झोनमध्ये आणि मास्किंगमध्ये फक्त पहिलं नाव घातलं असेल तर महिनोन् महिने सगळं सुरळीत चालतं, आणि नेमकं स्थलांतराच्या रात्री अडकतं. तिकिटात एकच नाव आलं तर जोडीतलं दुसरं मागून घे.

नेहमीच्या नेटवर्कवरून डिस्क देणाऱ्या आयस्कझीत तर, लिनक्सवर, नाव ही एका टेक्स्ट फाइलमधली एक ओळ असते. त्याचं नेहमीचं रूप आयक्यूएन, मग वर्ष-महिना, मग उलटं लिहिलेलं डोमेन नाव, आणि पुढे आपल्याला हवं ते. वर्ष-महिना कशाला? डोमेन नाव विकलं जातं, सुटतं, दुसऱ्याच्या हाती जातं. ज्या महिन्यात ते डोमेन नाव देणाऱ्याच्या ताब्यात होतं तो महिना लिहिला, की पुढच्या मालकाने तीच नावं दिली तरी टक्कर होत नाही. २००४ च्या आरएफसी ३७२० मध्ये हे आलं. किती दूरचा विचार आहे बघ. आणि ही दूरदृष्टी एका क्लोनमुळे कशी वाया जाते, ते मी एका ग्राहकाकडे जवळून पाहिलं.

तिथे व्हर्च्युअल सर्व्हरचा एक साचा तयार केलेला होता, आणि त्यात आयस्कझीचं सॉफ्टवेअर आधीच बसवून ठेवलेलं होतं. म्हणजे आयक्यूएनची ती ओळही साच्यात गोठली. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक सर्व्हरचं नाव एकच. डेटाबेसच्या सर्व्हरला अ‍ॅरेने त्या नावावर लन दिली. काही काळाने त्याच साच्यातून चाचणीसाठी दुसरा सर्व्हर निघाला, त्याने तेच नाव सांगितलं, आणि अ‍ॅरेने त्यालाही तीच लन दिली. अ‍ॅरेची काही चूक नव्हती. त्याला तर नाव बरोबर जुळलेलं दिसत होतं. एकाच नावाची दोन सेशनं एकमेकांना ढकलून आत येऊ लागली. लॉगमध्ये जोडणी तुटल्याच्या आणि पुन्हा जुळल्याच्या ओळी रांगेने पडत होत्या. सगळ्यांना वाटलं केबल खराब आहे. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. तोवर चाचणीच्या सर्व्हरवर तीच डिस्क जोडून कोणीतरी काम सुरू केलेलं होतं. साधी फाइल सिस्टिम असं धरूनच चालते की या डिस्कचा मालक मी एकटी. कोणते ब्लॉक मोकळे आहेत याचा हिशेब ती आपल्या मेमरीत धरून ठेवते. इथे दोन हिशेब झाले. एकाने भरलेला ब्लॉक दुसऱ्याच्या लेखी मोकळा होता, आणि त्याने त्यावर लिहिलं. शेवटी डेटाबेस बॅकअपवरून उभा करावा लागला, आणि बॅकअपनंतरचं काम लोकांनी कागदपत्रांवरून पुन्हा भरलं. त्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. टाइप करताना एक आकडाही कोणाचा चुकला नव्हता. क्लोन काढल्यावर नाव नव्याने द्यायचं असतं, हे काम कोणाच्याच यादीत नव्हतं, एवढंच.

आणखी एक सांगते आणि मग आवरते. नाव म्हणजे ओळख. तो पुरावा नाही. कार्ड जे नाव सांगेल ते स्विच मानतो, आणि सॉफ्टवेअरने ते नाव बदलता येतं. म्हणून फक्त नावावर सगळी सुरक्षा टांगू नकोस. आयस्कझीत चॅपचा पासवर्ड लावता येतो. फायबर चॅनलमध्येही डीएच-चॅप आहे. झोनमध्ये नसलेल्याला काहीच दिसू नये अशी मूळ सेटिंग आहे का ते पाहा. ज्या पोर्टला आज काही जोडलेलं नाही तो बंद ठेव.

आता तुझ्या प्रश्नाकडे. शिकण्यासारखं काय, तर हा हिशेब ठेवायला शिकायचं. पूर्वी नाव एकमेव ठेवण्याची जबाबदारी संस्था आणि कारखाने यांच्यावर होती. पूल, प्रोफाइल आणि क्लोन आल्यापासून तिचा मोठा भाग तुझ्या टेबलावर आला आहे. तुझ्या फॅब्रिकमध्ये नावं वाटणारी आता तू आहेस.

तेव्हा कामाला लाग. टीममध्ये नावांची वही नसेल तर तू सुरू कर, असेल तर ती खरी आहे का ते पाहा. प्रत्येक ओळीत डब्ल्यूडब्ल्यूपीएन किंवा आयक्यूएन, सर्व्हर, कार्डाचा स्लॉट, फॅब्रिक, नाव कारखान्याचं की आपण दिलेलं, आणि नाव कधी काढून टाकलं. दर महिन्याला स्विचचा लॉगिन तक्ता, झोनमधली नावं आणि अ‍ॅरेवरचं मास्किंग या तिन्ही याद्या वहीशी ताडून पाहा. लॉगिन तक्त्यात आहे पण वहीत नाही, अशा नावाचा मालक शोध. झोनमध्ये आहे पण बरेच दिवस लॉगिन नाही, अशा नावाबद्दल विचारून ते काढ. क्लोन काढणाऱ्या टीमच्या यादीत 'नवं आयक्यूएन दे' ही ओळ घालून घे. त्यासाठी दोन बैठका कराव्या लागल्या तरी कर. एनव्हीएमईवर गेलात की तिथे एनक्यूएन आणि होस्ट आयडी येतील. रूप बदलेल, ही शिस्त बदलणार नाही.

हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. ती शाबासकी मी तुला आत्ताच देऊन ठेवते. पहिल्या महिन्याच्या ताडणीत जी नावं बेवारस सापडतील, त्यांची यादी मला पाठव. आपण दोघी बसून एकेक ओळखू.

तब्येतीला जप, रात्रपाळीत जेवण चुकवू नकोस.

तुझी,
मावशी